मेल्लगा, मेल्लगा

माझ्या आजोळी सायकलच्या जेवढ्या गोष्टी सांगतात, त्यातल्या एकीतही कुणी पहिला येत नाही. कुणी पडतं, कुणी नाल्यात जातं, कुणाची चेन उतरते, कुणी दुसऱ्याच्या सायकलवर बसून तिसऱ्याच्याच घरी पोचतं. वाऱ्यासारखी सायकल पळवून मैदान मारल्याची गोष्ट मात्र सिरोंच्यात मी ऐकलेली नाही. ज्याचं नाव पन्नास वर्षांनंतरही निघतं, तो गडी हमखास सगळ्यांच्या शेवटी पोचलेला असतो.

त्यातली सगळ्यात लांबलेली गोष्ट संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. चंद्रपूरकडे त्या दिवसाला कर म्हणतात, सिरोंच्यातल्या तेलुगू घरांत कनुमा. साल कोणतं, यावर घरात एकमत नाही. मोठे मामा म्हणतात, त्यांना नोकरी लागायच्या आधीचं. धाकटे मामा म्हणतात, मनोजकुमारचा ‘शोर’ पाहून झाल्यानंतरचं, म्हणजे १९७२ च्या अलीकडचं. मावशी म्हणते, पुराच्या बरंच आधीचं. सिरोंच्यात नुसतं ‘पूर’ म्हटलं की तो १९८६ चा, गोदावरीचा. तिघांची गोळाबेरीज करून मी तो दिवस सत्तरच्या दशकात कुठेतरी ठेवला आहे. तेवढ्यानं गोष्टीचं काही अडत नाही.

ज्यांनी सिरोंचा पाहिलं नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेकडचा जो कोपरा खाली लोंबतो, त्याच्या टोकाला हा तालुका आहे. गावापुढून प्राणहिता वाहते आणि जरा खाली जाऊन गोदावरीला मिळते. संगमापलीकडे कालेश्वर, तिथं तेलंगणा. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते, तिच्या पलीकडे छत्तीसगड. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि वर गोंडी-माडियाही. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तोवर जिल्ह्याचं ठिकाण चंद्रपूर. तिथं जायला दोनशे किलोमीटर, त्यातले आलापल्लीपर्यंतचे शंभर जंगलातले, आणि पावसाळ्यात नाले भरले की तेही बंद. म्हणून सिरोंच्याच्या माणसाला चंद्रपूरपेक्षा नदीपलीकडचं गाव जवळचं. लग्नं तिकडची, कापड तिकडचं, सिनेमा तिकडचा. सायकलही तिकडचीच.

माझे आजोबा, म्हणजे आमचे ताता, यांची सायकल नावेतून आली. काझीपेठ ते बल्लारशा ही रेल्वे १९२९ मध्ये जोडली गेली आणि मंचेरियल हे सिरोंच्याला सोयीचं स्टेशन झालं. पन्नासच्या दशकात तातांनी तिथं जाऊन हर्क्युलिस घेतली. मद्रासची टी. आय. सायकल्स कंपनी १९४९ ची, तिचाच हा माल. मंचेरियलहून चेन्नूर, तिथून नदी, मग नाव. नावाड्यानं सायकलचं अख्ख्या माणसाचं भाडं लावलं. ताता म्हणाले, ही बसत नाही, जेवत नाही, बोलत नाही, हिला कसलं भाडं? नावाडी म्हणाला, माणूस पाण्यात पडला तर पोहतो तरी, हिच्यामागे उडी मलाच मारावी लागेल. ताता हरले. हा संवाद ते शेवटपर्यंत सांगत, नावाड्याचं बोलणं नावाड्याच्या आवाजात.

सायकल आणि नाव हा विषय निघाला की ताता हमखास आगबोटीवर येत. ती त्यांनी पाहिली नव्हती, त्यांच्या आजोबांनीही पाहिली नसावी, कारण ती सिरोंच्यापर्यंत धडपणे कधी आलीच नाही. पण येणार होती, आणि या गावाचं नशीब त्या येणाऱ्या आगबोटीनं ठरवलं. धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनचं स्वप्न होतं की वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीतूनच थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. नदीवर ताबा हवा म्हणून इंग्रजांनी १८६० च्या तहात निजामाकडून डाव्या काठचे तालुके घेतले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. कॅप्टन ग्लासफर्ड डेप्युटी कमिशनर म्हणून आले. त्यांच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव आजही तालुक्यात आहे. गोऱ्या साहेबाच्या नावाला तेलुगू पेठ जोडलेलं दुसरं गाव महाराष्ट्रात असेल असं मला वाटत नाही.

नदीत मात्र तीन ठिकाणी खडकांचे अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि वर अहेरीच्या बाजूला देवलमरी. ते ओलांडायला बंधारे, कालवे, जलद्वारं बांधायला घेतली. पैसा गेला, हिवतापानं माणसं गेली. तेवढ्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडे सुटला आणि १८७१ मध्ये काम बंद करायचा हुकूम आला. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला, सिरोंचा तहसील होऊन चांद्याला जोडलं गेलं. नदीकाठचा इंग्रजी अमलातला बंगला राहिला, सरकारी दप्तर राहिलं आणि नागपूरकडची मराठी शाळा राहिली. मी हा मजकूर ज्या भाषेत लिहितो आहे, ती आमच्या आजोळी आली ती या न आलेल्या आगबोटीमागून. ताता हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगत नसत. ते म्हणत, “आगबोट येणार म्हणून वसवलं, ती आली नाही, मग आम्ही सायकल आणली.”

ती सायकल मी पाहिली आहे. काळी, २८ इंची चाकं, हँडलखालून सळ्यांनी चालणारे ब्रेक, मागे लोखंडी कॅरियर आणि उभं करायला इंग्रजी यू उलटा धरावा तसलं स्टँड. ते लावायचं तर एक पाय स्टँडवर आणि दोन्ही हातांनी सगळं धूड मागं ओढायचं. वीस किलोच्या पुढची सायकल. वर्षातून एकदा तिचं ‘ओव्हरऑइलिंग’ व्हायचं. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग हे मला कॉलेजात कळलं, पण गावातल्या उच्चारात कामाचं वर्णन जास्त अचूक आहे. पोरांचे पाय सीटवरून पायडलला पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायचं. अंग एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, उजवी काख सीटवर. मोठे मामा म्हणतात, कैची आलेल्या पोराला सायकल येतेच, पण सीटवर बसून शिकलेल्याला कैची कधीच येत नाही. सायकली गावात मोजक्या. बाकी सगळे भाड्याच्या, तासावारी.

कनुमाच्या त्या दिवशी मामांच्या टोळक्यानं दुकानातल्या भाड्याच्या सायकली दिवसभरासाठी ठोक भावात उचलल्या. दुकानदाराला पैसे कमी दिले, त्याबदली त्यालाच पंच केलं. टोळक्यात एक टेलर, एक पोस्टात कामाला लागलेला, एक कंपाउंडरचा मुलगा, एक जंगल खात्यातला, ज्याला सगळे ‘फॉरेस्ट’ अशीच हाक मारत, आणि मामा. धाकटे मामा तेव्हा लहान, त्यांना फक्की टाकायचं काम. बक्षीस एक कोंबडा. संक्रांतीला गोडधोड झालं की कनुमाला मटण-कोंबडीचा मान असतो. अट अशी, की जो जिंकेल त्यानं कोंबडा घरी न्यायचा आणि सगळ्यांना जेवू घालायचं. अम्मम्मा, म्हणजे आजी, म्हणायची, “जिंकता तुम्ही, चूल माझी.” त्यामुळे मामांना जिंकायचंही होतं आणि घरी काय ऐकावं लागेल ही धास्तीही होती.

पहिला खेळ नदीकाठच्या उतारावर. चेन काढून ठेवायची, वरून सायकल सोडायची, पायडल नाही, ब्रेक नाही, ज्याची जिथं थांबेल तिथं काठी रोवायची. हा खेळ वरवर नुसता धिंगाणा वाटतो, पण खरी शर्यत आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते. चाकातले छर्रे रॉकेलनं धुवायचे, कोन जास्त आवळायचे नाहीत, जास्त ढिले सोडायचे नाहीत, मग तेल. मामांनी शिलाई मशीनचं तेल टेलरकडूनच मागून आणलं होतं. फॉरेस्टनं म्हटलं, बाजारचं तेल कशाला, आपल्याकडे मोहाच्या टोळीचं तेल आहे, घट्ट, चांगलं टिकतं. त्यानं रात्री दोन्ही चाकांत ते भरभरून घातलं. जानेवारीची पहाट, नदीकाठची थंडी, आणि टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे घरात दिवा लावणाऱ्या कुठल्याही बाईनं त्याला सांगितलं असतं. सकाळी त्याची सायकल उतारावर सोडली तर ती उतारावरच उभी राहिली. मागून ढकलली तरी चार पावलं जाऊन थबकली. पंचांनी तिथं काठी रोवली. फॉरेस्ट हट्टानं म्हणाला, उन्हात ठेवतो, अर्ध्या तासानं पुन्हा सोडू. पण तोवर सगळे पुढच्या खेळाला गेले होते.

पुढचे खेळ कुठल्याही गावात होतात तसलेच. दोरीला टांगलेलं केळ सायकलवरून तोंडानं तोडायचं. चमच्यात लिंबू धरून एका हातानं फेरी मारायची. एका सायकलवर जास्तीत जास्त किती, यात हँडलवर दोन, दांडीवर एक, कॅरियरवर दोन आणि चालवणारा. शिवाय मागच्या चाकाच्या आसाच्या नटांवर उभे राहिलेले आणखी दोन होते की एक, यावर वाद आहे. रिमचा आठ झाला हे सर्वमान्य आहे, कारण ती ठोकून घेण्याचे पैसे सगळ्यांनी वर्गणीनं दिले.

आणि मग मंद सायकल.

नियम साधे. फक्कीच्या दोन रेषा, मधे दीड हाताचं अंतर, लांबी वीस-पंचवीस पावलं. पाय टेकला की बाद, रेष ओलांडली की बाद, शेवटी पोचेल तो जिंकला. आसपासची माणसं, बाया, पोरं सगळी गोळा झाली. इतर शर्यतींत लोक ‘पळ, पळ’ ओरडतात, इथं दोन्ही बाजूंनी एकच कल्ला: “मेल्लगा, मेल्लगा!” हळू, हळू. पोस्टवाला पहिल्याच पाच पावलांत आडवा झाला. रोज टपाल घेऊन झपाट्यानं जायची सवय, त्याला हळू चालवताच येईना. कंपाउंडरचा मुलगा रेषेबाहेर गेला. फॉरेस्टची सायकल उन्हानं आता सुटी झाली होती, नको तेव्हा नको तितकी सुटी, तो सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचला आणि हात वर करून उभा राहिला. उरले मामा आणि टेलर.

मामांचं तंत्र गावात प्रसिद्ध होतं. पुढच्या चाकातली हवा थोडी कमी करायची म्हणजे टायर जमीन धरून राहतो. दोन्ही पायडल आडवी, वजन पुढच्या पायावर, हँडल डावीकडे तिरकं, आणि ब्रेक बोटांनी धरायचा-सोडायचा, धरायचा-सोडायचा. सायकल जागच्या जागी डुलते. ती ज्या बाजूला कलली त्या बाजूला चाक वळवलं की चाक अंगाखाली येतं आणि तोल सावरतो. पळती सायकल हेच करते, पण वेगामुळे तिला नखभर वळण पुरतं. वेग संपला की हातभर वळण घ्यावं लागतं, आणि त्यासाठी जागा असते दीड हात. माणूस नसलेली सायकलही ढकलून दिली तर काही अंतर स्वतःच तोल सांभाळत जाते. ते नेमकं कशामुळे, यावर शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून जास्त काळ भांडत आहेत. चाकाच्या गरगर फिरण्यामुळे, असं पूर्वी ठासून सांगत. २०११ मध्ये डच आणि अमेरिकन संशोधकांनी तो परिणामच काढून टाकलेली सायकल बनवली, तर तीही उभी राहिली. मामांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माणूस काढून टाकला म्हणूनच उभी राहिली असेल.”

बाहेरच्या जगातही हा प्रकार अगदीच पोरकट मानत नाहीत. सायकलींच्या मोठ्या ट्रॅकवर दोघांची शर्यत असते तेव्हा मागं राहणाऱ्याचा फायदा होतो, पुढच्याच्या आडोशानं जाऊन ऐनवेळी झेप घेता येते. म्हणून दोघंही पुढं जायला तयार नसतात आणि जागेवरच उभे राहतात. इटलीत वारेझे इथं १९६८ मध्ये पेत्तेनेल्ला आणि बियांकेत्तो हे दोघं असे एक तासाच्या वर उभे होते. पुढं नियमच करावे लागले. मामांना ही गोष्ट मात्र आवडली, आणि त्यांनी लगेच विचारलं, “चप्पल होती की बूट?”

कारण सगळा वाद चपलेचा आहे. टेलरचं तंत्र मामांसारखं नव्हतं, किंबहुना त्याला तंत्र असं नव्हतंच. दिवसभर शिलाई मशीनचं पायडल दाबून त्याच्या घोट्यांना एक वळण लागलं होतं. टाच-चवडा, टाच-चवडा, नखभर पुढं, नखभर मागं. तो ब्रेकला हातही लावत नव्हता. सायकल जणू टाका घालावा तशी एकेक बोट पुढं सरकत होती. कुणीतरी पानाचा विडा लावला, खाल्ला, चुना जास्त झाला म्हणून तक्रार केली, तरी दोघं मधेच. मग शेवटाच्या खुंटाला बांधलेला कोंबडा ओरडला. मामांची नजर गेली. सायकल डावीकडे कलली, मामांनी सावरली, पण त्या सावरण्यात डाव्या पायातली रबरी चप्पल निसटून अंगठ्याला लोंबकळली आणि तिचं टोक जमिनीला लागलं.

पंच म्हणाले, बाद. मामा म्हणाले, पाय नाही टेकला, चप्पल टेकली. पंच म्हणाले, चप्पल कुणाची? मामा म्हणाले, चप्पल माझी असली तरी पाय नाही. टेलर अजून सायकलवरच होता. त्याला वाटलं खेळ चालूच आहे, आणि भांडण संपेपर्यंत तो तसाच टाच-चवडा करत राहिला. कोंबडा त्याच्या घरी गेला. त्याचं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एकीत मशीन. शेवटी कोंबडा शिजला अम्मम्माच्याच चुलीवर.

या खेळांना येडेपणा म्हणायची आमच्या घरात पद्धत आहे, पण मला त्यात गावाचा भूगोल दिसतो. सरळ, सपाट, मोकळा रस्ता असलेल्या गावात पोरं वेगाची शर्यत लावतात. सिरोंच्यात असा रस्ता कुठं होता? शेतात जायचं तर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, सायकलच्या चाकाएवढ्या जागेतून, दोन्हीकडे चिखल. जंगलात बैलबंडीच्या चाकोरीतून, मधे मुळं. उन्हाळ्यात नदीचं पात्र उघडं पडलं की वाळूतून, तीही सुकी वाळू सोडून पाण्याच्या कडेनं ओलसर पट्टा असतो तेवढ्यातूनच. नावेत सायकल धरून उभं राहायचं. या सगळ्या ठिकाणी जोरात चालवणारा पडतो, आणि हळू चालवता येणारा पोचतो. १९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची माणसं, शिवाय टपालवाले, शिक्षक, तलाठी, सगळे याच वाटांवरून सायकलनं जात. फवारणीचा पंप कॅरियरला बांधून धुऱ्यावरून जाणारा मलेरियावाला, हा तातांच्या मते तालुक्यातला सगळ्यात मोठा सायकलपटू. त्याला कधी कुणी कोंबडा दिला नाही.

हळू चालण्याचा वारसा तसा तालुक्यात फार जुना आहे. पोचमपल्ली गावाजवळ १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका अवाढव्य डायनासोरची हाडं खणून काढली. काळ अठरा कोटी वर्षांच्या आसपासचा. मांडीचं एकच हाड पाच फुटांहून लांब. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं म्हणून त्याचं नाव बारापासॉरस टागोराय ठेवलं. सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. ताता आणि त्यांचे मित्र सायकलींवरून ती खणती बघायला गेले होते. तातांना हाडापेक्षा ते काढणाऱ्यांचं नवल वाटलं. दिवसभर कुंचल्यानं माती झाडून संध्याकाळपर्यंत बोटभर जागा मोकळी करायची, आणि त्याचा पगार मिळतो, हे त्यांना बराच काळ खरं वाटलं नाही.

‘शोर’चा उल्लेख वर आला. त्यात मनोजकुमार मुलाच्या ऑपरेशनच्या पैशासाठी दिवसरात्र न थांबता सायकल चालवतो. सिनेमात ते करुण आहे, पण त्या काळात गावोगाव असे सायकलवाले खरंच फिरत. मैदानात बांबू रोवायचा, त्याला दिवे आणि भोंगा बांधायचा, सात दिवस पाय न टेकता बांबूभोवती फेऱ्या. सायकलवरच दाढी, सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण. मधेच दातांनी बादली उचल, अंगावर ट्यूबलाइट फोड. लोक शर्टाला नोटा टाचत. असा एक सिरोंच्यात आला तेव्हा टोळक्यानं ठरवलं की रात्री याला पाय टेकताना पकडायचंच. पाळ्या लावल्या. भोंगा बंद झाल्यावर, थंडीत, चादरी पांघरून मामा आणि टेलर झाडाआड बसले. पहाटेच्या सुमाराला त्यांना दिसलं, सायकल थांबली आहे. माणसानं एका हातानं बांबूला मिठी मारली आहे, मान खाली, डोळे मिटलेले. पाय मात्र दोन्ही पायडलवर. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे न उघडताच पायडल मारलं आणि फेरी सुरू झाली. दोघंही घरी गेले आणि इतरांना म्हणाले, काही नाही दिसलं. टेलरचं म्हणणं, पाय टेकला नाही म्हणजे नाही. मामांचं मत वेगळं होतं, बांबूला धरणं हे बसतच नाही नियमात. पण सकाळी त्याच्या शर्टाला चार आणे जास्त लावून आले ते मामाच.

मावशीची सायकल ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती ती फारशी सांगत नाही. मुलींनी सायकल शिकू नये असं कुणी म्हणत नव्हतं, शिकवत मात्र कुणी नव्हतं. ती दुपारी, ताता झोपलेले असताना, लंगा-ओणी खोचून हर्क्युलिसची कैची मारायची. लंग्याचा काठ चेनमध्ये अडकला की फाटायचा, आणि फाटलेला काठ टेलर मुकाट शिवून द्यायचा, घरी न सांगता. काठावरच्या काळ्या तेलाचे डाग कसे निघत नसत आणि अम्मम्मानं ते बघून न बघितल्यासारखं कसं केलं, एवढंच ती सांगते.

पुढं खेळ विरळ झाले. १९८० मध्ये गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांची दलमं तालुक्यात आली, त्यांच्यामागून पोलीस आले. संध्याकाळनंतर सायकलवरून पोरं उनाडत फिरत आहेत, हे चित्र दोन्ही बाजूंना संशयाचं झालं. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी शंभरावर तरुण-तरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. आनंदवन तेव्हाही आणि आताही चंद्रपूर जिल्ह्यातच, म्हणजे आपल्याकडचीच गोष्ट, म्हणून धाकट्या मामांना जायची फार हौस. ताता म्हणाले, आधी आलापल्लीपर्यंत जाऊन ये. ते गेले, जिमलगट्ट्यापर्यंत पोचले आणि बसच्या टपावर सायकल टाकून परत आले.

२०१६ च्या अखेरीस कालेश्वरच्या बाजूला गोदावरीवर पूल झाला. नावाड्याचं भाडं संपलं. २०१९ मध्ये खाली मेडिगड्ड्याला बराज झाला आणि त्याचं फुगलेलं पाणी वर येऊन काठची शेतं आणि वाळू खाऊ लागलं. ज्या ओल्या पट्ट्यावर तीन पिढ्या सायकल शिकल्या, तो गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बराजचे खांब खचले, साठवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं. शेतकऱ्यांच्या नुकसानीचा हिशेब अजून चालू आहे, पण वाळू उघडी पडली, आणि पोरं पुन्हा तिथं दिसू लागली. मोटरसायकली घेऊन.

सायकली आता मुलींकडे आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी सिरोंच्याच्या रस्त्यावर दोन वेण्या आणि निळ्या फ्रॉकांची रांगच्या रांग दिसते. मावशीच्या नातीनं गेल्या कनुमाला आमच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत मैत्रिणी जमवल्या आणि मंद सायकल लावली. तिच्या सायकलला दांडी नाही, चाकं लहान, सीट खाली, पुढं टोपली. मोठे मामा, वय ऐंशीच्या घरात, खुर्ची टाकून पंच म्हणून बसले. त्यांचा पहिला आक्षेप, ही सायकल चालणार नाही, हिच्यात पाय जमिनीपासून चार बोटांवरच असतो, तोल जाण्याआधीच टेकेल. मावशी म्हणाली, मग त्यांना जास्त सांभाळावं लागेल, नाही का? आक्षेप फेटाळला गेला. फक्की नव्हती, तांदळाच्या पिठानं रेषा काढल्या, जसा दारात मुग्गू काढतात तशाच चिमटीनं, आणि त्या सरळ आल्या.

सगळ्या मुली आपापल्या रेषेत उभ्या राहिल्या. मामांनी हात वर केला आणि थांबवला.

“चपला काढा,” ते म्हणाले. “सगळ्यांनी.”

“आजोबा, ऊन आहे, पाय भाजतात.”

“भाजू दे. पण मग वाद नको.”

मावशी मागून म्हणाली, “ऐका त्यांचं. नाहीतर हा माणूस पन्नास वर्षं डोकं खाईल.”

मुलींनी चपला काढून कडेला ढीग केला. कुणाची कुठली ते शर्यत संपल्यावर सापडेना, त्यावरून नवं भांडण झालं, आणि ते मिटेपर्यंत कोंबडीचं कालवण थंड झालं.